सैल कोपर आणि सहा महिन्यांची भाकर

गेल्या गळीत हंगामात राहाता तालुक्यातील एका ऊसतोड टोळीच्या तळावर बसलो असताना पाथर्डीकडच्या एका मजुराने आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. दिसायला हात धडधाकट होता. सूज नव्हती, जखम नव्हती. मग त्याने जमिनीवर तळहात टेकून उठण्याचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावरच कळवळून थांबला. हातावर भार पडला की कोपर आतून निसटते, ते पुन्हा जागेवर बसेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी येते, असे त्याने सांगितले. कोयता तो आता डाव्या हाताने चालवतो. नवरा-बायकोच्या जोडीला आपल्याकडे एक कोयता म्हणतात. या कोयत्याला चारऐवजी तीनच हात उरले आहेत आणि चौथ्या हाताचे काम बायको करते.

दोन वर्षांपूर्वी ट्रकवर मोळी चढवताना फळीवरून त्याचा पाय घसरला होता. तोल सावरण्यासाठी हात पुढे टेकला आणि कोपर निखळले. वेळ रात्रीची होती आणि ट्रक भरून काट्यावर जायचा होता. जवळच्या गावातील हाडवैद्याने हात ओढून सांधा बसवला आणि बांबूच्या कामट्या बांधल्या. चौथ्या दिवशी गडी फडात उभा राहिला. आठव्या दिवशी हाडवैद्याने कोपर तेल लावून चोळून दिले. हंगाम संपल्यावर तो एका मोठ्या रुग्णालयात गेला. त्या रुग्णालयाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, कारण तेथील डॉक्टरांनी त्याला चुकीचे काहीच सांगितले नाही. सांध्याचा बंध तुटला आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, सरकारी योजनेतून ती फुकट होईल, मात्र नंतर सहा महिने या हाताने जड काम करता येणार नाही, असे ते म्हणाले. शस्त्रक्रियेची तारीख न घेताच तो परत आला.

"आपरेशन फुकाट हाय म्हनत्यात, भाऊ," तो मला म्हणाला, "पर सा महिने हात बांधून बसायचं, ते कुटं फुकाट हाय?"

ग्रामीण आरोग्याविषयी आपण कार्यकर्ते अनेक ठराव करतो. परंतु या एका प्रश्नाइतके नेमके निदान आपल्या कोणत्याही ठरावात मला आढळलेले नाही. 'मर्यादित साधनसामग्री' हा शब्दप्रयोग आरोग्याच्या चर्चेत वारंवार येतो आणि तो ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे, इमारती आणि तज्ज्ञ यांचा तुटवडा उभा राहतो. तो तुटवडा खरा आहे. पण सैल झालेल्या कोपराचा प्रश्न थोडा खोलात जाऊन पाहिला तर असे दिसते की, सर्वांत दुर्मिळ साधन वेगळेच आहे, आणि ते कोणत्याही रुग्णालयाच्या भांडारात मिळत नाही.

सांधा सैल कसा होतो

दंडाचे एक हाड आणि पुढच्या हाताची दोन हाडे मिळून कोपराचा सांधा बनतो. तो दाराच्या बिजागरीसारखा उघडतो व मिटतो. हाडांच्या खोबणी त्याला पुष्कळसा आधार देतात आणि उरलेला आधार आतल्या व बाहेरच्या बाजूंचे चिवट अस्थिबंध देतात. पसरलेल्या हातावर माणूस पडला की शरीराचा भार आणि पिळा एकाच वेळी कोपरावर येतो. बहुधा बाहेरच्या बाजूचा बंध आधी तुटतो आणि हाड मागे सरकते. प्रौढ माणसांच्या मोठ्या सांध्यांत खांद्याखालोखाल निखळणारा सांधा कोपराचाच आहे.

असे कोपर काही तासांत, क्ष-किरण चित्र काढून, वेदनाशामक देऊन, योग्य रीतीने ओढून बसवले, थोडे दिवस आधार दिला आणि एक-दोन आठवड्यांत हळूहळू हलवायला सुरुवात केली, तर बहुसंख्य रुग्णांचा सांधा शस्त्रक्रियेवाचून सुधारतो. येथे महाग असे काहीच लागत नाही. बिघाड होतो तो तीन मार्गांनी. सांध्याबरोबर हाडाचा लहानसा तुकडाही मोडलेला असतो आणि चित्रच न काढल्यामुळे तो कोणाला दिसत नाही, हा पहिला. सांधा नीट बसतच नाही, आणि तीन आठवडे उलटल्यावर तो 'जुना' होऊन ओढून बसेनासा होतो, हा दुसरा. तिसरा मार्ग आपल्या मजुराचा. सांधा बसतो, परंतु फाटलेल्या बंधाला सांधण्याची सवड न देता त्यावर पुन्हा भार टाकला जातो आणि तो कायमचा लांब व ढिला राहतो. त्यात ताज्या दुखापतीवर जोरात चोळले तर स्नायूच्या आत हाडाचा थर धरण्याचा धोका असतो. म्हणून निखळलेले कोपर चोळू नये, ही गोष्ट आपण गावोगाव सांगितली पाहिजे.

याचा अर्थ हाडवैद्याला शिव्या द्याव्यात असा नव्हे. मजूर त्याच्याकडे अंधश्रद्धेने जातो असे मानणे ही आपल्या सुशिक्षितांची आत्मवंचना आहे. हाडवैद्य रात्री अकराला घरी सापडतो, थोडक्या पैशांत काम करतो, आणि मुख्य म्हणजे मजुराचा उद्याचा दिवस बुडवत नाही. आपली सार्वजनिक व्यवस्था यांपैकी किती गोष्टी करते, याचे उत्तर आधी द्यावे आणि मग त्याला दोष द्यावा.

औषध रुग्णाच्याच हातात

सैल कोपरावरील शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला तर ती श्रीमंतांची चैन नाही, हे कळून येते. इंग्लंडमधील ऑस्बोर्न आणि कॉटेरिल या शल्यविशारदांनी १९६६ साली वारंवार निखळणाऱ्या कोपरावर निबंध लिहिला. बाहेरच्या बाजूचा ढिला झालेला पडदा हाडाला बारीक छिद्रे पाडून दोऱ्याने पुन्हा घट्ट बांधणे हा त्यांचा उपाय होता. १९९१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ओ'ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सैलपणाची नेमकी यंत्रणा स्पष्ट केली. जुना बंध शिवण्याजोगा राहिला नसेल तर रुग्णाच्याच शरीरातील एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून तिचा नवा बंध करण्याची रीत त्यानंतर रूढ झाली.

ही दोरी बहुधा मनगटात मिळते. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट किंचित आत वळवा. मध्यभागी जी शीर ताठ उठते तीच ती. काही माणसांत ती जन्मतःच नसते आणि त्यांचे त्यावाचून काही अडत नाही. म्हणूनच ती काढून घेतली तरी हाताची ताकद घटत नाही. ज्यांना ती नाही त्यांच्यासाठी शरीरात दुसऱ्या जागा आहेत. निदानासाठीही महागडे चुंबकीय चित्रण प्रत्येक वेळी लागतेच असे नाही. खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून रुग्णाला उठायला सांगणे, भूल दिल्यावर कोपर विशिष्ट रीतीने वळवून पाहणे, आणि ताण देऊन साधे क्ष-किरण चित्र काढणे यांवरून जाणता डॉक्टर बहुतेक वेळा निर्णय करू शकतो. भूल पूर्ण शरीराला न देता खांद्याजवळ टोचून केवळ हाताला देता येते. कंडरा हाडात घट्ट बसवण्यासाठी आयात केलेले, एकेकी हजारो रुपयांचे खिळे बाजारात आहेत. तेच काम हाडात दोन-तीन बोगदे पाडून, मजबूत दोऱ्याने गाठ मारूनही होते, आणि ती रीत प्रमाणभूत पाठ्यपुस्तकांतली आहे.

सांधा जुना झाला असेल तर तो उघडून बसवावा लागतो आणि काही आठवडे बाहेरून आधार द्यावा लागतो. परदेशी बनावटीची बिजागरी असलेली चौकट फार महाग पडते. परंतु साध्या तारा आणि सळ्या यांतून स्वस्त चौकट उभी करण्याचा मार्ग मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी दाखवला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आज देशभर, विशेषतः हाताच्या आणि लहान मुलांच्या वाकड्या पावलांच्या उपचारात, वापरली जाते. त्यांच्याही आधी महायुद्धाने पोळलेल्या सोव्हिएत संघात, सायबेरियातील कुर्गान येथे इलिझारोव्ह यांनी कड्या आणि तारांच्या चौकटीने मोडकी हाडे सांधली. १९८० च्या सुमारास कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाचा पाय तेथे सुधारला, तेव्हा कोठे पश्चिमेचे लक्ष तिकडे गेले. आपल्या देशात १९६८ मध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर पाय घडवला. खुद्द आपल्या जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जो ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला, त्याच्या कार्यशाळेत स्थानिक कारागिरांच्या हातून असे पाय तयार झाले. साधने कमी असणे म्हणजे उपचार हलका असणे नव्हे, हा धडा आपल्याला दुरून आणण्याची गरज नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. स्वस्त शस्त्रक्रिया म्हणजे कोठेही, कोणीही उरकलेली शस्त्रक्रिया नव्हे. कोपराच्या आतल्या बाजूने हाताची एक मुख्य मज्जातंतू जाते. ती दुखावली तर बोटे लुळी पडतात. जंतुसंसर्ग झाला तर सैल सांध्यापेक्षा वाईट अवस्था होते. काहींचा सांधा शस्त्रक्रियेनंतर आखडतो, काहींचा पुन्हा ढिला होतो. म्हणून शिकलेला शल्यविशारद, निर्जंतुक दालन आणि भुलेचा तज्ज्ञ यांत तडजोड नाही. काटकसर खिळ्यात करावी, स्वच्छतेत करू नये.

एका खेळाडूला मिळालेला हंगाम

१९७४ साली टॉमी जॉन नावाच्या अमेरिकन बेसबॉलपटूच्या डाव्या कोपराचा आतल्या बाजूचा बंध तुटला. लॉस एंजेलिसचे डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच उजव्या मनगटातील कंडरा काढून डाव्या कोपरात नवा बंध घातला. तोवर ही दुखापत म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या कारकिर्दीचा शेवट समजली जाई. टॉमी जॉन १९७५ चा संपूर्ण हंगाम खेळला नाही. १९७६ मध्ये तो आपल्या त्याच संघात परतला आणि १९८९ पर्यंत खेळत राहिला. त्याच्या कारकिर्दीतील २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. त्या शस्त्रक्रियेला आज जगभर त्याचेच नाव आहे.

आपल्या ऊसतोड मजुराच्या कोपरात बाहेरच्या बाजूचा बंध तुटला आहे, एवढा फरक सोडला तर उपाय तोच, दोरी तीच, छिद्रे तशीच. टॉमी जॉनला डॉक्टर जोब भेटले, हे त्याचे भाग्य खरेच. परंतु त्याहून मोठे भाग्य असे की, त्याला एक पूर्ण हंगाम मिळाला. नवा बंध हाडात रुजायला काळ लागतो. पहिले काही आठवडे आधाराची पट्टी, मग नियंत्रित हालचाल, तीन-चार महिन्यांनी हलके काम आणि सहा महिन्यांच्या आसपास जड काम, हा निसर्गाचा क्रम आहे. त्यात ना खेळाडूला सवलत मिळते, ना मजुराला. फरक एवढाच की, खेळाडूच्या त्या हंगामाची जबाबदारी कोणीतरी घेतली. मजुराच्या हंगामाची जबाबदारी घ्यायला कोणी नाही, उलट त्याला दंड आहे. त्याचे नाव खाडा. कामावर न आलेल्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, शिवाय त्या दिवसाची रक्कम मुकादमाच्या वहीत त्याच्या नावावर चढते. उचल फिटेपर्यंत शरीर त्याचे नसते.

खाडा शरीराचे काय करतो, हे महाराष्ट्राने एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. शासकीय समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. त्या महिलांना नको असलेली शस्त्रक्रिया खाड्याच्या भीतीने करून घ्यावी लागली. आपल्या मजुराला हवी असलेली शस्त्रक्रिया त्याच भीतीने टाळावी लागत आहे. कोणता अवयव ठेवायचा आणि कोणता दुरुस्त करायचा, हा निर्णय डॉक्टरही करीत नाही, रुग्णही करीत नाही. तो मुकादमाची वही करते.

कायद्याची फूटपट्टी

मग कायदा काय करतो? १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते, आणि त्यातील यादी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली आहे. कोपराच्या टोकापासून ११.४३ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार इंच, खाली हात तोडावा लागला तर कमावण्याची शक्ती ६० टक्के गेली असे धरायचे. त्याच्या वर तोडला तर ७० टक्के. खांद्यातून तोडला तर ९० टक्के. हाताचे मोजमाप इतके काटेकोर आहे. पण हात शाबूत असून त्यावर भार टाकता येत नसेल, तर यादीत त्याला जागा नाही. अशा दुखापतीचे मूल्य डॉक्टरच्या दाखल्यावर आणि वादावादीवर ठरते. शेतकऱ्यांसाठी राज्य शासनाची अपघात सुरक्षा सानुग्रह योजना आहे. तीतही मृत्यू आणि अवयव निकामी होणे यांचे दर ठरले आहेत आणि लाभ सातबारावर नाव असलेल्याला व त्याच्या कुटुंबाला आहे. सातबारा नसलेल्याचे सैल कोपर कोणत्या रकान्यात लिहावे?

वास्तविक, बरे होण्याच्या काळाची किंमत मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्या देशात शंभर वर्षे जुने आहे. त्याच १९२३ च्या कायद्यात तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे निम्मे वेतन, देण्याची तरतूद होती. कंत्राटदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावर टाकणारे कलमही त्यात होते. १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा त्याच्याही पुढे गेला. कामावर जखमी झालेल्या विमेदाराला तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळू लागली. परंतु त्याच कायद्याने 'हंगामी' कारखाने वगळले, आणि त्या यादीत साखर व गूळ यांची नावे स्पष्ट लिहिली आहेत. नव्या संहितेनेही ते बदललेले नाही. कारखान्याच्या आतल्या हंगामी कामगाराची ही गत, तर फडातल्या मजुराचा मालक कोण, याचेच उत्तर कोणी देत नाही. कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडे, आणि मुकादम उचलीच्या वहीकडे.

शस्त्रक्रियेचा खर्च आज अनेक कुटुंबांना सरकारी योजनेतून मिळू शकतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि २०२३ मध्ये तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढवून ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय झाला. या गोष्टी लहान नव्हेत. परंतु रुग्ण घरी गेल्यावर या योजनांचे दायित्व दहा-पंधरा दिवसांच्या औषधपाण्यापर्यंत पोचते आणि तेथे संपते. कोपराला सहा महिने लागतात. योजना शस्त्रक्रियेला पैसे देते, ती यशस्वी होण्याला देत नाही. पंधराव्या दिवशी योजना संपते आणि सोळाव्या दिवशी माणूस मोळी उचलतो. मग शल्यविशारदाचे कौशल्य आणि सरकारचा पैसा दोन्ही वाया जातात आणि अहवालात मात्र एक शस्त्रक्रिया 'झाली' म्हणून नोंदली जाते.

राहात्यातच का

राहाता तालुक्याच्या बाबतीत हा विरोधाभास अधिक बोचरा आहे. येथील ऊस गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर उभा आहे. येथेच लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभारून सामान्य शेतकरीही कारखान्याचा मालक होऊ शकतो हे सिद्ध केले. तेथेच १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. जवळच शिर्डीत संस्थानची रुग्णालये आहेत. म्हणजे ऊस, कारखाना, हाडांचे तज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेची दालने ही सगळी एका तालुक्यात, काही मैलांच्या आत आहेत. देशातील फार थोड्या ग्रामीण भागांना हे लाभले आहे. तरीही फडातल्या मजुराचे कोपर सैलच राहते. याचे कारण असे की, सहकाराने ऊस पिकवणाऱ्याला सभासद केले, ऊस तोडणाऱ्याला केले नाही. ज्याच्या हातावर गाळप चालते, तो त्या संपत्तीच्या हिशेबात पाहुणाच राहिला. साधने आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचवणारी वाट मजुरीच्या दिवसांनी बनलेली आहे, आणि ती वाट मध्येच तुटली आहे.

काही मित्र म्हणतील की, क्षयरोग, सर्पदंश, कुपोषण, बाळंतपणातील मृत्यू असे प्रश्न पडले असताना थोड्याशा लोकांच्या कोपरांसाठी एवढा खटाटोप कशाला? मी याचे उत्तर असे देईन की, हातावर पोट असणाऱ्याचा हात हा अपवादाचा विषय होऊ शकत नाही. शिवाय कोपरासाठी जी व्यवस्था लागते तीच मोडलेल्या मनगटाला, खांद्याला आणि गुडघ्यालाही लागते. दुसरा आक्षेप पैशाचा. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे धोरण ठरलेले आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे एका हंगामात एक कोटी रुपये होतात. महिन्याला १५ हजार रुपये धरले तर एका मजुराच्या सहा महिन्यांना ९० हजार लागतील. एका कारखान्याच्या एका हंगामाच्या वर्गणीत शंभराहून अधिक हात असे सांभाळता येतील, आणि इतके हात एका कारखान्याच्या क्षेत्रात एका वर्षी मोडणारही नाहीत. म्हणजे अडचण रकमेची नाही, ती कशावर खर्चावी या निर्णयाची आहे.

आपण काय मागावे, काय करावे

पहिली मागणी अशी की, गळीत हंगामाच्या काळात तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रीही क्ष-किरण चित्र काढणारा तंत्रज्ञ आणि निखळलेला सांधा बसवू शकणारा डॉक्टर हजर असावा. सैल कोपराची निम्मी लढाई त्या पहिल्या रात्रीच जिंकली जाते. दुसरी, शस्त्रक्रियेनंतर आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट टोळीच्या तळावर किंवा मजुराच्या गावी जावा. यासाठी यंत्रे लागत नाहीत. पाठीवर निजून दंड आभाळाकडे उभा धरायचा आणि कोपर सावकाश मिटून उघडायचे, या स्थितीत हाताचा भारच सांधा जागेवर ठेवायला मदत करतो. गोधडीवरही करता येईल असा हा व्यायाम आहे, फक्त तो शिकवणारा आणि तपासणारा माणूस हवा. तिसरी, सरकारी योजनेचे दायित्व पंधरा दिवसांवर न संपता सांधा कामाला येईपर्यंत चालावे, आणि तेवढ्या काळाची मजुरी महामंडळाच्या निधीतून मिळावी. चौथी, कामावर झालेल्या दुखापतीच्या दिवसांचा खाडा लावणे आणि ते दिवस उचलीत जमा धरणे बेकायदा ठरवावे.

मागण्यांबरोबर थोडे आत्मपरीक्षणही हवे. आपण यंत्रांसाठी मोर्चे काढले, इमारतींच्या कोनशिलांसाठी शिष्टमंडळे नेली. एका फिजिओथेरपिस्टच्या रिक्त जागेसाठी आपण कधी तहसील कचेरीसमोर बसलो आहोत काय? यंत्राचे उद्घाटन होते, विश्रांतीचे होत नाही. म्हणून राजकारणाला यंत्र आवडते, आणि नकळत आपल्यालाही तेच आवडू लागले.

येत्या हंगामात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या भागातील एका तरी तळावर जावे. हात पुढे टेकून पडलेल्या, कोपर निखळलेल्या माणसांची चौकशी करावी. तळहातावर भार देऊन ते उठू शकतात का, हे विचारावे. उठवून पाहण्याचा आग्रह मात्र धरू नये, ते काम डॉक्टरचे. ज्याला गरज आहे त्याच्याबरोबर रुग्णालयात जावे आणि घरी आल्यावर चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला पुन्हा त्याच्याकडे जावे. पडल्याची तारीख, बुडालेले दिवस आणि मुकादमाच्या वहीतील खाडा यांची नोंद ठेवावी. महामंडळापुढे आणि न्यायालयापुढे भाषणांपेक्षा या नोंदी अधिक बोलतील.

त्या मजुराच्या मनगटात ती दोरी आहे, मी पाहिली. अंगठा करंगळीला टेकवताच ती ताठ उभी राहिली. तेवढ्याने त्याचे कोपर बरे होण्याजोगे आहे. त्याच तालुक्यात ती शस्त्रक्रिया करू शकतील असे हातही आहेत. उणी आहे ती सहा महिन्यांची भाकर, आणि ती निसर्गाने उणी ठेवलेली नाही.